मोकळ्या गवतावरचं सॉरी

राणी व्हिक्टोरियाच्या काळात लंडनच्या हाईड पार्कात काचेच्या अवाढव्य महालात प्रदर्शन भरलं होतं. आता तिथे नुसतं गवत आहे. आम्ही लोकांच्या कानांवर हेडफोन चढवतो, आणि गवतावरून चालता चालता त्यांना तेव्हाची यंत्रं, कारंजी, गर्दी ऐकू येते. त्यांच्यामागून दिवसभर चालायचं, हे माझं काम. संध्याकाळपर्यंत पायांचे तुकडे पडतात.

मोठ्या झाडाच्या अलीकडे एका जागी प्रत्येक जण बाजूला सरकतो आणि "सॉरी" म्हणतो. आमच्याकडे ज्याला धक्का बसतो तोही सॉरीच म्हणतो, त्यात नवल नाही. पण तिथे कुणीच नसतं.

रेकॉर्डिंग क्लाइव्हचं. त्याला विचारलं, "तिथे कुणाचा आवाज भरलायस?"

"कुणाचाच नाही. लोकांनी दम खावा म्हणून तिथे शांतता ठेवलीय. तू जरा रजा घे बाई, थकलीयस."

थकले होतेच.

आज मात्र सगळे तिथून सरळ चालत गेले. कुणी सरकलं नाही, कुणी काही म्हणालं नाही. मला हायसं वाटलं. हेडफोन गोळा करून पिशवीत टाकले, बाकावर टेकले आणि थर्मासमधला चहा ओतला.

आजच्या फेरीतली एक म्हातारी मागे रेंगाळली होती. ती बाकापाशी आली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे वाकून म्हणाली, "इथे बसू का?"

मान तिरकी करून तिने उत्तर ऐकून घेतलं.

"सॉरी हं," ती मागे सरत म्हणाली, "तुम्ही दोघी बरोबर आहात, हे लक्षातच आलं नाही."