डबक्याकाठचं डिझेल

रूपालीनं मूठभर माती उचलून नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं. डिझेलच. ते कळायला प्रयोगशाळेची गरज नव्हती, पण सरकारी काम म्हणून तिनं माती बरणीत भरून वर चिठ्ठी डकवली.

"आमची टाकी ठणठणीत आहे, मॅडम," कारखान्याचा मॅनेजर विश्वजीत नाकावर रुमाल धरून म्हणाला.

"बघू ना," रूपाली म्हणाली. असल्या ठणठणीत टाक्या तिनं वाळूजमध्ये पुष्कळ पाहिल्या होत्या.

कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग धुऊन रंगवायचे. मागच्या भिंतीखालून त्या धुण्याचं पाणी झिरपायचं आणि पलीकडे कंपनीच्याच पडीक जमिनीत त्याचं डबकं साचायचं. भर उन्हाळ्यातही ते आटत नसे. आता त्याच्या काठच्या मातीला डिझेलचा भपकारा येत होता आणि पाण्यावर तवंग चमकत होता. शेजारच्या कारखान्यातल्या कामगारांनी तक्रार केली, म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयानं रूपालीला धाडलं होतं.

त्या पडीक जमिनीवर मुंजाबा आणि सारजाबाईचं पाल होतं, आणि त्यांच्या मेंढ्या. कंपनीनं राहू दिलं होतं, पण नुसतं तोंडी. हाकलायला एक शब्द पुरे होता. मेंढ्या गाभण होत्या. अशा दिवसांत त्यांना रानोमाळ फिरवलं तर कोकरू हाती लागायची खात्री नसते. ही जागा सुटली असती तर दोघांचा संसारच उठला असता.

डबक्याभोवती बाभळीच्या वाळक्या काट्या टाकलेल्या होत्या, मेंढ्यांनी पार तुडवलेल्या. त्या ओलांडून रूपाली पालाकडे गेली, मागोमाग विश्वजीतही.

"मावशी, मेंढ्या हे पाणी पितात?"

"नाय पीत. वास येतो ना," सारजाबाई म्हणाली.

"मग पाजता कुठं?"

"लांब हापसा हाय. तिथं नेतो."

रूपालीचं डोकं तापलं. दाराशी पाणी, आणि मुकी जनावरं उन्हातून हापशावर हिंडतात! "या कंपनीला मी सोडत नाही, मावशी."

सारजाबाईनं विश्वजीतकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. "ऱ्हाऊ द्या म्याडम. आमची काय तक्रार नाय."

गरीब माणूस दबतो तो असा, रूपालीला वाटलं. तिला चीड आली, कंपनीची आणि थोडी सारजाबाईचीही.

तिनं टाकीच्या बुडाशी खोदायला लावलं. माती कोरडी, स्वच्छ. टाकीतून निघालेल्या नळीच्या कडेनं खोदलं, तिथंही काही नाही. मग डबक्याच्या काठी खड्डा घेतला. वरची वीतभर माती डिझेलनं काळी पडलेली आणि खाली हातभर गेलं की नुसता पांढरा मुरूम, वासाचं नावही नाही. टाकी गळत असती तर तेल खालून आलं असतं. हे वरून आलं होतं.

"कुणीतरी ओततंय," तिला म्हणावंच लागलं.

विश्वजीतनं रुमाल खिशात घातला. आता त्याला वास येईनासा झाला होता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दोघं भिंतीआड थांबले. थोड्या वेळानं मुंजाबा कॅन घेऊन आला. डबक्याच्या काठानं, सावकाश, पेरणी करावी तसं त्यानं डिझेल ओतलं. विश्वजीतनं बॅटरीचा झोत टाकला तेव्हा तो पळालाही नाही.

"का केलंत हे?" रूपालीचा आवाज चढला.

मुंजाबा विश्वजीतच्या पायांकडे बघत राहिला. "चुकलं, साहेब."

"भरपाई उकळायची होती?"

पालातून धावत आलेली सारजाबाईच म्हणाली, "व्हय. तसंच समजा."

रूपालीला ते लागलं. यांच्यासाठी ती कंपनीशी भांडायला निघाली होती! विश्वजीत तर सकाळपर्यंत जागा खाली करा म्हणत होता, पोलिसांचं नाव काढत होता. तरी रूपालीनंच रदबदली केली. मेंढ्या व्यायच्या आहेत, तोवर राहू द्या. पुन्हा डिझेल ओतलं तर खुशाल हाकला. मुंजाबानं कानाला हात लावला. सारजाबाईनं मात्र रूपालीकडे असं पाहिलं की उपकार झाल्यासारखं काही तिच्या तोंडावर दिसेना. कृतघ्न बाई, रूपाली मनात म्हणाली.

तिचा अहवाल गेला. तक्रार डिझेलची, म्हणून तपासणीही डिझेलचीच झाली होती; कंपनी निर्दोष ठरली. विश्वजीतनं खुशीनं जेसीबी लावून काठची माती खरवडून काढली, तवंग उपसला, नवा मुरूम अंथरला.

काही दिवसांनी रूपाली पाहणीला आली तेव्हा नितळ पाण्यातून डबक्याचा तळ दिसत होता. तिला मनापासून बरं वाटलं. वर्षानुवर्षं नोटिसा बजावून हाताला काही न लागलेल्या बाईला एक डबकं तरी स्वच्छ झालेलं दिसत होतं.

तेवढ्यात कळप हापशाच्या वाटेला लागला. पुढची मेंढी थबकली. तिनं नाक वर केलं आणि वळून थेट पाण्याकडे धाव घेतली. मागोमाग सगळा कळप सुटला.

मुंजाबा काठी घेऊन आडवा झाला. मेंढ्या त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. सारजाबाई दगड उचलून स्वतःच्याच मेंढ्यांना मारत सुटली. एक दगड गाभण मेंढीच्या तोंडावर बसला, तरी ती पाण्यातून मान काढेना.

"मावशी, काय करताय!" रूपाली धावली. "पिऊ द्या की! साफ झालंय पाणी!"

"साफच व्हतं पयल्यापासून!" सारजाबाई किंचाळली. "त्येच साफ पाणी पिऊन गेल्या साली समद्या गाभडल्या. यंदा तोंड लावू नाय म्हणून तर डिझेल वतत व्हतो!"