राहून गेलेली रेघ

"आपापला कागद उजवीकडच्या मुलीला द्या," गाण्याच्या शिबिरातल्या जाफ्ताबाई म्हणाल्या, आणि नोलुफेफेने आपला कागद घट्ट धरला.

तिचा कागद कोणाच्या हाती पडणं परवडणारं नव्हतं. नवं गाणं काल संध्याकाळी वाटलं होतं. आज न्याहारीच्या घंटेआधी तिने खोलीतल्या झिमासाच्या हातापाया पडून तिच्याकडून आपली ओळ एकदा गाऊन घेतली होती आणि पेन्सिलीने प्रत्येक सुराखाली डो-रे-मीची अक्षरं लिहून काढली होती. पाच रेघांवर बसलेल्या काळ्या टिकल्या तिला वाचता येत नव्हत्या. गावात त्या हव्या होत्या कुणाला? चर्चमध्ये पोर धड बोलायला लागायच्या आधी डो-रे-मीवर गातं. चार आवाजांची भजनं निव्वळ अक्षरांवर होतात आणि कोणाचं काही अडत नाही.

शिबिरात मात्र अडत होतं. जिला टिकल्या वाचता येतील तीच रविवारी गाणार. बाकीच्यांची रवानगी लहान पोरांच्या वर्गात, टाळ्या वाजवायला. आणि रविवारी तिला ऐकायला गावचं अख्खं चर्च मिनीबस करून इथे कोमनीला येणार होतं.

"पाठांतर नकोय मला," जाफ्ताबाई म्हणाल्या. "मला डोळे हवेत."

उजवीकडे बाबाल्वा बसली होती. म्हणजे वाटच लागली. बाबाल्वा पोर्ट एलिझाबेथच्या मोठ्या शाळेतली. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात तिचा आठवडा मजेत गेला होता. तिने नोलुफेफेचा कागद घेतला, खालची अक्षरं पाहिली, भुवया उंचावल्या आणि कागद छातीशी धरला. डावीकडून नोलुफेफेच्या हातात आला तो कागद धुतल्यासारखा स्वच्छ होता. त्यावर टिकल्याच टिकल्या.

आता ही हात वर करणार आणि सांगणार, नोलुफेफेला वाटलं. डोक्यावरचा पत्रा डिसेंबरच्या भर उन्हाळ्यात तापला होता.

"बाबाल्वा, तू सुरू कर. मग तिच्या डावीकडची."

बाबाल्वाने हात वर केला नाही. ती उभी राहिली आणि गाऊ लागली. कुठे अडखळणं नाही, कुठे थांबणं नाही. नोलुफेफे जिवाचा कान करून ऐकत होती. एकदाच तर ऐकायला मिळणार होतं, आणि तेवढं तिला पुरत होतं.

मधेच सूर खाली यायचा तिथे बाबाल्वा एकदम वर गेली, इतकी वर की तिचा आवाज फाटला. सगळा हॉल हसला.

"अगं, टिकली खाली उतरतेय आणि तू पत्र्यावर काय चढतेस?" बाई म्हणाल्या. "बस. पुढची."

नोलुफेफे हसली नाही. खालचा सो लिहिताना अक्षराच्या पायाशी बारीक रेघ ओढतात; ती नसली की सो वरचा. सकाळी घंटा झाली आणि घाईत तिची ती रेघ द्यायची राहून गेली होती. टिकल्या बघून गाणाऱ्या मुलीचं दुसरं काहीही चुकलं असतं, हे चुकलं नसतं. बाबाल्वा टिकल्या वाचतच नव्हती; ती खालची अक्षरं वाचत होती.

"नोलुफेफे! झोपलीस का?"

ती उठली. कागद डोळ्यांसमोर धरला. ती बाबाल्वाच्या मागोमाग चालल्यासारखी गात गेली आणि त्या जागेवर आल्यावर खाली उतरली.

"याला म्हणतात वाचणं," जाफ्ताबाई म्हणाल्या. "ही रविवारी गाणार. बाबाल्वा, तू जेवण झाल्यावर हिच्याजवळ बस. टिकल्या कशा वाचायच्या ते हिच्याकडून शीक. चारला मी दोघींना नवीन पान देणार आहे. तेव्हा तरी वर चढू नकोस."

 जेवणानंतर दोघी वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसल्या, मधे बाईंनी सरावाला दिलेला दुसऱ्या गाण्याचा कागद.

"एक रेघ द्यायला काय झालं होतं तुला?" बाबाल्वा दातओठ खात म्हणाली. "सगळा हॉल हसला मला."

"घंटा झाली होती."

"घंटा झाली होती म्हणे!"

"तुला टिकल्या येत नाहीत?"

"आजीच्या चर्चमध्ये शिकले मी. तिथे कुठे असतात टिकल्या?"

"मग शाळेत?"

"शाळेत पुढे उभ्या असलेल्या मुलीचं ऐकून गाते." बाबाल्वाने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुझं सांगू का बाईंना?"

नोलुफेफेनेही नजर हटवली नाही. "सांग," ती म्हणाली. "मग मी पण सांगते."

बाबाल्वाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पावणेतीन वाजले होते.

"काय गं, आवाज येत नाही!" वरच्या खिडकीतून जाफ्ताबाईंनी हाक मारली. "शिकवतेयस ना नोलुफेफे?"

"हो बाई!"

तिने कागद ओढून मांडीवर घेतला आणि पहिल्या टिकलीवर बोट ठेवलं. "ही," ती मोठ्याने म्हणाली, खिडकीपर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने. मग मान खाली घालून हळूच विचारलं, "ही डो असेल ना गं?"

"मला काय विचारतेस?" बाबाल्वा म्हणाली. "मास्तरीण तू आहेस."