वाजवणारी

राजकुमार आपल्या स्वस्तातल्या इलेक्ट्रिक गिटारीची नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, बदलायला बसला, तशी पुष्पांजलीच्या मनात पाल चुकचुकली.

"चांगली तर हाये. काऊन बदलून राह्यले?"

"वाजवनारी डावखुरी हाये."

त्याच्या बँडमधली छाया चहाचा कपसुद्धा डाव्या हातानं धरायची. पुष्पांजलीचा नुसता जळफळाट झाला.

"मले एक गजरा आनायले जमत नाही, अन् तिचे एवढे लाड!"

"लाडाचीच हाये थे," तो हसला, आणि तयार झालेली गिटार त्यानं नेऊन लेकीच्या मांडीवर ठेवली.



जेवताना ज्या डाव्या हातावर आई रोज फटका मारायची, त्याच हातानं, आईकडे भीतभीत बघत, आर्वीनं तार छेडली.