अन्नपूर्णेची नोट

“देवी देऊन कुणी जेवतं का हो?” साताऱ्याच्या काकूंनी नोट कपाळाला लावली आणि पिशवीत ठेवली. “ही आमच्या देवघरात जाईल. जेवायला खोलीवर दशम्या आहेत.” आणि फोडणीचा वास घेत घेत त्या खाणावळीसमोरून निघून गेल्या.

श्रीनिवासपंत मिशीत हसले. काशीत संकठा घाटाजवळच्या त्यांच्या मराठी खाणावळीत ही गंमत यंदाच, १९९४ साली सुरू झाली होती. दर्शनाला निघालेल्या यात्रेकरूंना ते सकाळीच वीस रुपयांना एक नोट विकत. गुलाबी कागद, नक्षीदार कडा, मधोमध पळीवाली अन्नपूर्णा आणि खाली वचन: ‘धारकास एक पान भरपेट’. दुपारी नोट द्यायची आणि जेवायचं, एवढा साधा हिशेब. पण काशीची आठवण म्हणून लोक नोट घरीच नेत. चाळीस नोटा खपल्या तरी जेवायला येत जेमतेम दहा. पंतांची चांदी झाली.

त्यांच्या पत्नीचा, शरदिनीबाईंचा, मात्र जीव तुटे. “अन्नपूर्णेच्या गावात पैसे घ्यायचे आणि लोकांनी दशम्या चघळायच्या! मला हे बिल्कुल चालत नाही.”

“अगं, मी कुणाला जेवू नको म्हणतो का?”

आठवड्याने बाई आपणहून म्हणाल्या, “नव्या नोटा छापताय ना? यावेळी देवीऐवजी तुमचा फोटो टाका. पगडी घालून. घरोघरी पोचाल.”

पंत विरघळलेच. फोटो निघाला, नोटा आल्या, चाळीसच्या चाळीस सकाळीच खपल्या. पंत आरशासमोर मिशांना पीळ देत बसले.

बारा वाजता दारात ही गर्दी! नागपूरच्या एका आजोबांनी नोट उलटसुलट करून पाहिली. “हे कोण?”

“मीच की!”

“असं होय. मग ही तुमच्याकडेच ठेवा, आणि पान वाढा.”

मागच्या सगळ्यांनी नोटा पुढे केल्या. पंतांना दरदरून घाम फुटला. रोजच्याप्रमाणे त्यांनी दहाच माणसांचा शिधा काढून दिला होता. आता चारचौघांत अब्रू जाणार! ते धापा टाकत स्वयंपाकघरात शिरले.

शेगडीवर चाळीस माणसांचं वरण केव्हाच शिजून तयार होतं. शरदिनीबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, “बसवा त्यांना.”