पाचपैकी पाच

वाघ गावाजवळ आला की फोनवर सूचना देणारं एक ॲप आमच्या गावात आलं. वर्षभरानं मंजुषा नावाची मुलगी त्याबद्दल लोकांचं मत विचारायला आली. ती घरोघरी प्रश्न विचारायची आणि माझं अक्षर बरं म्हणून मी शेजारी बसून उत्तरं लिहायचो.

आज ग्रामपंचायतीत अहवाल वाचला गेला. गावानं ॲपला पाचपैकी पाच गुण दिलेत, तेव्हा मोहफुलांच्या दिवसांतली वनरक्षकांची पहाटेची गस्त बंद. उद्यापासून बाया एकट्याच मोह वेचायला जाणार.

मी तडक गोकुळाबाईंच्या अंगणात गेलो. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाला, केवळरामला, मोहाच्या झाडाखालीच वाघानं मारलं होतं. फोनवर सूचना वाजली ती प्रेत घरी आणल्यावर.

"तुम्हीसुद्धा पाच दिले? काऊन?" एरवी माझा आवाज घरातही कोणाला ऐकू जात नाही. आज शेजारी बाहेर आले.

"पोरगी उन्हातानात घरी आली होती, भाऊ. मले वाटलं, तिलेच गुण द्याचे हायेत. दारी आलेल्या लेकराले तोंडावर नापास करू का?"

"मग खरं सांगायचं कोणी?" मी ओरडलो.

त्यांनी हातातली मोहाची टोपली खाली ठेवली.

"तुमाले तं सारंच ठाऊक होतं, भाऊ. तो पाचाचा आकडा तुमच्याच हातचा हाये. तुमी काऊन नाई बोलले?"