साहेबांचा पासवर्ड

शनिवारी बँक बंद व्हायच्या आधी मॅनेजर ठोंबरे साहेब क्लार्क नलिनीच्या टेबलाशी आले. बाहेर जीप उभी होती. घरची मंडळी जामसांवलीला दर्शनाला निघाली होती.

"उरलेल्या नोंदी तुम्हीच पास करून द्या," ते म्हणाले. "माझा पासवर्ड माहीत आहेच तुम्हाले."

तो सगळ्यांनाच माहीत होता. अठ्ठ्याऐंशी साली पांढुर्ण्याच्या शाखेत मशीन आल्यापासून साहेब मुलीचं नाव मोठ्यानं म्हणत एकेक अक्षर दाबायचे. नोंद क्लार्कनं करायची, पास साहेबांनी, असा नियम होता. पाळत कोणी नव्हतं.

नलिनीचे हात थांबले. नागपूरला कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर कोर्सला तिची निवड झाली होती. मशीनमधली माहिती सुरक्षित कशी ठेवायची, हा त्यातला तिचा विषय. तो कोर्स झाला तर अधिकाऱ्याची जागा मिळायची आशा होती. फक्त रजेला साहेबांनी हो म्हणायचं राहिलं होतं.

"तुम्हीच पास करून जा, साहेब," ती म्हणाली. "आणि पासवर्ड बदला."

"माझा भरोसा आहे तुमच्यावर."

"उद्या काही कमीजास्त झालं, तर दुसरं कोणी भरोसा ठेवणार नाही."

बाहेर हॉर्न वाजला. साहेबांनी उभ्याउभ्याच नोंदी पास केल्या. मग तिला तोंड फिरवायला सांगितलं. नलिनी खिडकीकडे वळली आणि रस्त्यावरच्या संत्र्यांच्या हातगाडीकडे बघत राहिली. मागं बटणं वाजत होती. रजेचा विषय न काढताच साहेब निघून गेले.

रविवारी ती सौंसरला आईकडे गेली. काय झालं म्हणून आई देवकाबाईंनी खोदून विचारलं. नलिनी जेवता जेवता उठली, अंगणात जाऊन आली, पुन्हा पानावर बसली. एक शब्द दाबायला आपलं काय जात होतं, असं वाटायचं. आणि दाबला असता तर नागपूरला जाऊन शिकायचं तरी काय, असंही.

सोमवारी मशीन साहेबांना आत घेईना. नवा पासवर्ड ते विसरले होते. रांग दारापर्यंत गेली, लोक कुरकुरू लागले. शेवटी साहेब नलिनीजवळ येऊन वाकले.

"थोडंसं तरी पाहिलं असंल ना?"

"नाही, साहेब."

"खरंच नाही?"

"नाही."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. रांगेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"जा बाई तुम्ही नागपूरले," ते म्हणाले.