नैवेद्याआधी

गुढियारीत एका शेफवरच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. हिरोला पहिला घास खाऊन रडायचं होतं, पण रडू काही येईना. "तुझे एक्टिंग ही नहीं आती!" डायरेक्टर सकाळपासून खेकसत होता. शेवटी त्यानं आमच्या गोदूकाकूंकडून खराखुरा पाटोडीचा रस्सा करून घेतला.

"काकी, एक बार चख तो लीजिए."

"देवाले दाखवल्याबिगर? मी नाही चाखत." काकूंनी नैवेद्याची वाटी आधी बाजूला काढली.

हिरोनं घास घेतला आणि घळाघळा रडला.

"कमाल काकी के हाथ की है!" डायरेक्टर ओरडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी नैवेद्य दाखवून काकूंनी रस्सा चाखला आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"मीठच नाही टाकलं व मी! अन् त्या पोट्ट्याले म्हणतेत, ॲक्टिंग येत नाही!"